सोळाशे ऐंशीतला एक महादेव

अकरावीला, म्हणजे पीयूसीला गेल्यापासून मंजुश्रीचं गणित चुकायचं बंद झालं होतं. म्हणजे तिच्या मते. दहावीपर्यंत फळ्यासमोर उभी राहिली की जी मांडलेले आकडे आधी खोडायची, तीच पोरगी आता बेळगुंदीहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरला सांगायची, की या बसमधली माणसं जागा बदलून बदलून बसायला लागली, तर पृथ्वी संपेल पण रीती संपणार नाहीत. कंडक्टर कन्नडमध्ये म्हणायचा, "मुंदे होगि," म्हणजे पुढं सरका. आणि मंजुश्री पुढं सरकायची.

परम्युटेशनचा धडा सुरू झाला आणि घरात कुणाची धडगत राहिली नाही. आईनं परसात मेथी, कोथिंबीर, मुळा आणि मिरची लावायला घेतली, तर ही कमरेवर हात ठेवून उभी. "आई, चार वाफे, चार भाज्या. चोवीस रीतींनी लावता येतंय."

"मग तेवीस तू लाव," आई म्हणाली. "मी एकच लावतो." बेळगावकडच्या बायका स्वतःला 'करतो, जातो'च म्हणतात.

या घरात हसायला मात्र फार दिवसांनी कुणी शिकत होतं. खळ्यावर भात झोडताना झटका येऊन आज्जा पडला होता, त्याला आता सात-आठ महिने झाले होते. नागोजी आज्जाचा आवाज असा, की त्यानं बांधावरून बैलाला हाक मारली तर शेजारच्या तीन शेतांतले बैलही थांबायचे. तो आवाज गेला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत आज्जाला सकाळी बसवायचं आणि संध्याकाळी उचलून आत न्यायचं, हा घराचा क्रम झाला.

मंजुश्री त्याची सगळ्यात लाडकी. तिसरीत वाचायला यायला लागली तेव्हापासून रोजचा पेपर तीच त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. आज्जाचा चष्मा कायम हरवलेला असायचा, बहुतेक वेळा त्याच्याच डोक्यावर. ती वाचायची आणि तो प्रत्येक बातमीला एकेक शिवी हासडायचा. आताही ती वाचायची. पण बिनशिव्यांचा पेपर म्हणजे मीठ न घातलेली आमटी. दोन बातम्यांनंतर ती पेपराची घडी घालून ठेवायची.

इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या सौम्या मॅडमनी एक उपाय सांगितला होता. बोलता येत नसेल तर अक्षरं द्या. रोजच्या वापरातले सोपे शब्द घ्या, एकेक अक्षर वेगळं करा, त्यांना मांडू द्या. मंजुश्रीनं त्याच दिवशी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि आठ चौकोन केले. मला, चहा, देव, पाणी. या चार शब्दांची आठ अक्षरं तिनं काळ्या मार्करनं ठसठशीत काढली, चहाच्या ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे आज्जाच्या मांडीवर ठेवला.

सुरुवातीला आज्जा डाव्या हातानं बोट दाखवायचा. तांब्याकडं, चुलीकडं, दाराबाहेर. सगळ्यांना कळायचंही. पण मंजुश्री मास्तरणीसारखी आडवी यायची. "आज्जा, बोट दाखवायचं न्हाय. मांडून दाखीव. मग पाणी." आणि पाण्याचा पेला पाठीमागं धरून उभी राहायची. आज्जा अक्षरांकडं बघायचा, मग तिच्याकडं बघायचा. शेवटी आजी ओरडायची, "दे की गं पाणी त्याला. वैरीण हाईस व्हय?" आणि मंजुश्री पाणी द्यायची, पण नापसंतीनं.

हळूहळू आज्जानं बोट दाखवायचं सोडलं. कुठंच दाखवेना. तांदळातले खडे निवडावेत तसे तो डाव्या हातानं पुठ्ठे इकडचे तिकडं सारत बसायचा. चहा होत नव्हता, पाणी होत नव्हतं. "वणीचपा" असलं काहीतरी व्हायचं. एक दिवस आजी, सोनाबाई, चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "डोसकंबी गेलं त्यांचं." मंजुश्रीला मात्र ते पटलं नव्हतं. आज्जा आत शाबूत आहे, एवढंच तिला कुणीतरी सिद्ध करून द्यायला हवं होतं.

अशा घरात त्या शुक्रवारी संध्याकाळी ती कॉलेजहून आली. दप्तर खांद्यावरच होतं. आज्जा खुर्चीत डोळे मिटून बसला होता. मांडीवरच्या ट्रेमध्ये चार पुठ्ठे एका बाजूला ढीग होऊन पडले होते, आणि उरलेले चार एका रांगेत, अगदी कुणी दोरी धरून लावल्यासारखे.

म. हा. दे. व.

मंजुश्रीनं दप्तर टाकलं. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून नुकतेच आलेले तिचे वडील, आप्पा, मोटारसायकल स्टँडवर लावत होते, ते तशीच धरून उभे राहिले. आजी सगळ्यात शेवटी आली आणि म्हणाली, "काय लिवलंय? मला कुठं वाचाय येतंय?"

"महादेव," मंजुश्री म्हणाली.

बेळगुंदीच्या या घरात ते नाव कितीतरी वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

"देवळातला असंल," आई घाईघाईनं म्हणाली.

"देवळाला हे कवा गेल्यात?" आजी म्हणाली. "ह्यो आमचा निपाणीचाच हाय."

महादेव म्हणजे आज्जाचा धाकटा सख्खा भाऊ. तंबाखूच्या वखारीत कामाला म्हणून निपाणीला गेला, तिथलाच झाला. दोघा भावांचं बोलणं बंद होऊन मंजुश्रीच्या वयाएवढा काळ लोटला असेल. भांडण कशावरून झालं, हे घरात तिघांना विचारलं तर तीन कारणं मिळायची. आजी म्हणायची, घंगाळावरून. आप्पा म्हणायचे, बैल विकण्यावरून. आई म्हणायची, लक्ष्मी यात्रेला पाहुण्यांच्या पंगतीत मटण आधी कुणाला वाढलं त्यावरून. आज्जा हयातभर एकच सांगायचा, "तो मला मेला."

"चुकून झालं असंल गं," आप्पा म्हणाले.

आणि इथंच मंजुश्रीचा दिवस उजाडला. तिनं पेन काढलं, पेपराची मागची बाजू ओढली. "चुकून? बघा आप्पा. आठ पुठ्ठे. पहिल्या जागी आठातला कुठलाबी येऊ शकतोय. दुसऱ्या जागी उरलेल्या सातातला. मग सहा. मग पाच. आठ साती छप्पन, छप्पन सख तीनशे छत्तीस, पाचा सोळाशे ऐंशी. म्हंजे उगंच हात फिरवून महादेव व्हायची शक्यता सोळाशे ऐंशीत एक."

"म्हंजे ल्हान का मोठं?" आजीनं विचारलं.

"लई ल्हान, आज्जी. गावातल्या समद्या माणसांनी एकेकदा डोळं झाकून मांडलं, तर एखाद्यालाच जमंल."

आजीनं पदर तोंडाला लावला. गणित तिला कितपत कळलं देव जाणे, पण गावातलं एखादंच माणूस म्हटल्यावर तिला ते आपलंच माणूस वाटलं असावं. "भावाला बघायचं हाय वं त्यास्नी," ती म्हणाली. "त्वांडानं सांगता येईना म्हणून हातानं सांगायलेत."

मंजुश्री आज्जासमोर गुडघ्यांवर बसली. "आज्जा, महादेव आज्जाला बोलवू?" आज्जानं डोळे उघडले. मान हलली. ती मान आता कशालाही हलायची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या संध्याकाळी कुणालाच ते आठवलं नाही.

प्रश्न होता नंबराचा. आप्पा जरा घुटमळले, मग त्यांनी खिशातून फोन काढला. महादेव काकांचा नंबर त्यांच्याकडं होताच, 'गॅस एजन्सी' या नावानं. आई म्हणाली, "ह्याच नंबराला मी दोनदा सिलिंडरसाठी फोन केलतो. तिकडनं कोणतरी बाबा लई मायेनं बोलला." मग आईचंही बाहेर पडलं. महादेव काकांच्या सुनेचे स्टेटस ती मोबाइलवर रोज बघत होती. आपलंही काही बाहेर पडू नये म्हणून आजीनं मात्र कुणाकडंच बघितलं नाही.

फोनवर मंजुश्रीच बोलली. गणितासकट बोलली. पलीकडून एक जाड, घोगरा आवाज म्हणाला, "नाग्यानं लिवलं? माझं नाव?"

"व्हय आज्जा. सोळाशे ऐंशीत..."

"ते ऱ्हाऊ दे. उद्या येतो."

शनिवारी सकाळी मंजुश्री उठली तेव्हा पडवीत चपलांचा ढीग होता. शेजारच्या अंबुबाईला रात्रीच बातमी लागली होती, आणि अंबुबाईला लागलेली बातमी आणि गवताला लागलेली आग एकाच चालीनं पळतात. आज्जाच्या ट्रेला कुणीतरी हळद-कुंकू लावलं होतं. शेजारी नारळ. अंबुबाई ट्रेपुढं हात जोडून बसलेली.

"आमच्या शामूचं लगीन कुठं जुळंल, तेवढं इचारा की," ती म्हणाली.

"मावशी, हे असलं नसतंय," मंजुश्री म्हणाली.

"तुला काय ठावं? तूच म्हणालीस, गावात एखाद्यालाच येतंय."

आज्जाचा डावा हात सवयीनं फिरला. तीन पुठ्ठे पुढं आले. पा, च, व. "पाचवं!" अंबुबाईनं मांडीवर थाप मारली. "पाचवं स्थळ! चार नकार आल्यात, आता पाचवं पक्कं." ती आणखी एक नारळ आणायला घराकडं धावली. तिच्या जागी रवळू सरकला. सर्व्हे ऑफिसात त्याचा मोजणीचा कागद अडकला होता, त्याचं काय होणार, एवढंच त्याला हवं होतं. हात फिरला. ला, च, दे.

रवळूनं ते दोनदा वाचलं आणि खोल श्वास सोडला. "देवालाबी कळलंय," तो म्हणाला, आणि उठून गेला.

लोक माना डोलवत होते. मंजुश्री मात्र ते शब्द मनात पुन्हा जुळवून बघत होती. लाच, पाचवं. ती बसमध्ये चढली आणि वहीच्या मागच्या पानावर त्याच आठ अक्षरांतून आणखी शब्द निघू लागले. हाच. देवच. मलाच. हाच देव. पालाच. पुढं तिनं लिहायचं बंद केलं. कंडक्टर "मुंदे होगि" म्हणाला तरी ती हलली नाही.

कॉलेजात तास संपल्यावर तिनं प्रियदर्शनी मिसना गाठलं आणि सगळं सांगितलं. घरचं कुणाचं ते नाही सांगितलं, एका मैत्रिणीच्या आज्जाचं म्हणून सांगितलं.

"सोळाशे ऐंशी बरोबर आहे," मिस म्हणाल्या. मंजुश्रीचा चेहरा उजळला. "पण प्रश्नच चुकीचा विचारलाय तुझ्या मैत्रिणीनं. तुमच्या गावात रताळी काढतात ना?"

"व्हय मिस."

"एखादं रताळं निघतं हुबेहूब गणपतीसारखं. सोंड, पोट, सगळं. लोक त्याला हार घालतात. पण काढायच्या आधी कुणी म्हणालं होतं का, की आज गणपती निघणार?"

मंजुश्रीनं वही मिटली.

"तो आज्जा रोज पुठ्ठे हलवतो. किती वेळा हलवले असतील इतक्या महिन्यांत? आणि त्यातून दुसरं कुठलं नाव, दुसरा कुठला शब्द निघाला असता, तरी तुझी मैत्रीण अशीच धावली असती ना? त्या सगळ्यांची शक्यता धर. मग एखाद दिवशी काहीतरी निघालं यात नवल नाही. नाही निघालं असतं तर नवल." मग मिसनी तिच्याकडं नीट बघितलं आणि आवाज खाली आणला. "मैत्रिणीला एवढं वाईट वाटायचं कारण नाही."

परतीच्या बसमध्ये मंजुश्री खिडकीला डोकं टेकून बसली. गणित बरोबर होतं आणि आज्जा आत नव्हता. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे पुस्तकात कुठंच दिलं नव्हतं. निपाणीला फोन करून सांगावं, येऊ नका, म्हणून तिनं बसमधूनच आपल्या फोनमधला 'गॅस एजन्सी'चा नंबर लावला. लागला तो खऱ्या गॅस एजन्सीला.

घरी पोचली तर दारात पाहुण्यांची गाडी उभी होती. गाडीच्या टपावर दोरीनं बांधलेलं एक मोठं तांब्याचं घंगाळ. पडवीत आप्पा, आई, आजी, अंबुबाई, निम्मी गल्ली. आणि आज्जाच्या समोर, पाटावर, पांढरी टोपी मांडीवर काढून ठेवलेला एक म्हातारा. तेच नाक, तेच मोठे कान. आज्जाचीच थोडी कमी पिकलेली नक्कल.

दोघे भाऊ एकमेकांकडं बघत नव्हते. दोघेही ट्रेकडं बघत होते.

"घंगाळ आणलंय," महादेव आज्जा ट्रेला म्हणाला. "तुझं तू ठेव."

आजी डोळे पुसत म्हणाली, "बघा, मी म्हणत न्हवतो, घंगाळावरनंच."

"मंजू आली," आप्पा म्हणाले. "मंजू, मांडाय सांग आज्जाला. काकांच्या म्होरं."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. ती जागची हलली नाही, तेव्हा आप्पांनीच ट्रे सारखा केला आणि पुठ्ठे विस्कटले. आज्जाचा हात फिरला. णी, व, ला, पा. गल्ली थांबली. पुन्हा विस्कटले. पुन्हा हात फिरला. च, म, णी. कुणीतरी खाकरलं. अंबुबाई पुढं वाकून म्हणाली, "चिमणी असंल का?" पण तिलाही ते पटलं नाही. तिसऱ्यांदा आज्जानं हात उचललाच नाही.

"आज दमलंय त्यो," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज सांगत होता की त्यांना कळून चुकलं आहे.

मंजुश्रीला वाटलं, पायाखालची फरशी सरकवून आपल्याला कुणी आत घ्यावं. "महादेव आज्जा," ती म्हणाली, आणि काल फोनवर धबधब्यासारखी बोलणारी पोरगी आता एकेक शब्द उचलून ठेवू लागली. "माझं चुकलं. आज्जानं तुमचं नाव लिवलं न्हाय. ते आपोआप आलं. आज्जाला आता काय कळत न्हाय. मीच उगंच तुमास्नी..."

"ठावं हाय मला," महादेव आज्जा म्हणाला.

"काय?"

"कालच कळलं, फोनवर. नाग्या माझं नाव लिवणं शक्यच न्हाय." त्यानं एक पुठ्ठा उचलून उलटसुलट करून बघितला. "त्याला मराठी अक्षर येत न्हाय."

त्यानं पुठ्ठा परत ट्रेमध्ये ठेवला.

"आमच्या आईनं त्याला ल्हानपणी मामाकडं ठेवलता. चिकोडीच्या पल्याड. समदं कन्नड गाव. चौथीपतोर कन्नड शाळा शिकला त्यो. मी हितं मराठी शाळंत. परत आला त्यो नांगरालाच लागला. मराठी वाचाय कुणी शिकिवलंच न्हाय."

"पण बा तर रोज पेपर उघडून बसायचा..." मंजुश्रीचे आप्पा स्वतःच्या बापाकडं बघत म्हणाले.

"फोटो बघायचा."

"आणि सही?"

"सही मी शिकिवलीया. चितारल्यागत चितारायची."

"लगनाला पन्नास वरसं हुईत आली," आजी हळूच म्हणाली. "मला वाटायचं, ह्यास्नी समदं येतंय. म्हणून मी कवा इचारलं न्हाय."

"आमास्नी का सांगितलं न्हाय कवा?" आप्पांचा आवाज चढला.

"कसा सांगंल? मराठी बोर्डासाठी मोर्चा निघाला की झेंडा घेऊन समद्यांच्या म्होरं चालायचा त्यो. त्या बोर्डावर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाय म्हणून सांगंल व्हय?"

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मंजुश्री हसली नाही. ती आज्जाकडं बघत होती. आज्जानं मान खाली घातली होती आणि त्याचे मोठे कान लाल झाले होते. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याचा चेहरा नीट वाचला. त्याला सगळं कळत होतं. प्रत्येक शब्द. आजी चुलीपुढं म्हणाली तेही. आणि पेला पाठीमागं धरून ती उभी राहायची, तेव्हाही तो एवढाच शहाणा होता.

ती खाली बसली. तिनं ट्रेमधला एक पुठ्ठा उलटा केला. मागची बाजू कोरी होती. दुसरा उलटा केला. सगळे. दप्तरातून स्केचपेन काढलं आणि शाळेत पहिलीपासून गिरवलेल्या त्या गोल गोल कन्नड अक्षरांत तीच आठ अक्षरं काढायला लागली. म. ला. च. हा. तिचं कन्नड अक्षर वाईट, त्यात डोळ्यांपुढं पाणी. तरी आठ पूर्ण केली.

आज्जाचा डावा हात पहिल्या पुठ्ठ्यावर आला आणि तिथंच थांबला. बोट त्या अक्षराच्या गोलाईवरून फिरलं.

मग त्यानं 'म' उचलून पुढं ठेवला.

महादेव आज्जा पाटावर ताठ झाला. टोपी मांडीवरून खाली पडली, त्याला कळलंही नाही. मंजुश्रीला गणित करायचं नव्हतं, पण डोक्यानं ते केलंच. आता 'हा' आला की...

आला तो 'ला'.

त्यानंतर च. मग हा. मग दे. पाच पुठ्ठे आणि त्यांत जराही घाई नाही. महिनोन् महिने घशात अडकलेलं वाक्य आज्जानं मांडून ठेवलं आणि मान वर केली. मला चहा दे.

आजी धाय मोकलून रडायला लागली. आई रडत रडत चुलीकडं निघाली. पण महादेव आज्जा तिच्या आधी उठला. "तू बस, पोरी. त्यो 'दे' म्हणाला, म्होरं मी बसलोय. मलाच म्हणाला."

त्या घरच्या चुलीपुढं तो कितीतरी वर्षांनी बसला होता. साखर कुठं, चहापूड कुठं, काही ठाऊक नाही. आतून डबे पडल्याचे आवाज येत राहिले. शेवटी तो कपबशी घेऊन आला. बशीत ओतून, फुंकर घालून त्यानं ती भावाच्या ओठांना लावली. आज्जानं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. डावा हात ट्रेकडं गेला आणि उरलेल्या तीन पुठ्ठ्यांतले दोन त्यानं पुढं सारले.

पा. णी.

मंजुश्री धावत तांब्या घेऊन आली. आज्जानं तांब्या बाजूला सारला, पुठ्ठ्यांवर बोट आपटलं आणि तेच बोट बशीकडं केलं.

महादेव आज्जानं बशीत बघितलं. मग तो असा हसला, की त्या हसण्यातून रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. "बघ," तो सगळ्यांना सांगत होता, "बघ, आजूनबी नावं ठेवायलाय मला."

त्यानंतर महादेव आज्जा दर शनिवारी निपाणीहून यायचा. चहा तोच करायचा, कुणाला करू द्यायचा नाही. आज्जा घोट घ्यायचा आणि 'पाणी' मांडायचा. मंजुश्रीनं आणखी पुठ्ठे कापले. आज्जा मीठ, खाज, गप बस, असलं काय काय मांडायला लागला. पेपर वाचताना शिव्याही मिळायला लागल्या, दोन-दोन अक्षरी. 'महादेव' मात्र त्यानं कधीच मांडलं नाही. सगळी अक्षरं समोर असायची. धाकटा भाऊ दर वेळी वाट बघायचा आणि बघत नसल्यासारखं दाखवायचा. आयुष्यात त्याचं नाव एकदाच निघालं होतं, ते चुकून.

रताळी काढायचे दिवस आले तेव्हा आज्जाला दुसरा झटका आला. इस्पितळातून त्याला घरी आणलं ते खाटेवरच. शनिवारी महादेव आज्जा आला, चुलीपुढं बसला, चहा करून आणला. बशी ओठांना लावली. थोडा चहा आत गेला, थोडा हनुवटीवरून उशीवर ओघळला. मंजुश्रीनं ट्रे त्याच्या डाव्या हाताखाली सरकवला. हात पुठ्ठ्यांवर पडून राहिला.

महादेव आज्जा बशी धरून वाकलेला होता. तो तसाच थांबला. चहावर साय धरेपर्यंत थांबला.

"पाणी म्हण की रं, नाग्या," तो म्हणाला. "एकदा म्हण."

मंजुश्रीनं त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि काय करावं ते न सुचून उरलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

चहा खरंच पाणचट होता.